तिसरे कलम आणि काशिनाथराव

काशिनाथरावांना मी पहिल्यांदा पाहिले ते अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या मैदानावर, आणि पाहिल्याबरोबर ते मला आवडले नाहीत.

गौरवग्रंथात असे वाक्य शोभत नाही, याची मला जाणीव आहे. काशिनाथराव शेलवले यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लेख लिहावा, अशी विनंती घेऊन संपादक मंडळ घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, की त्यांच्याविषयी चांगले लिहिणारी माणसे बदलापूर-उल्हासनगरात पुष्कळ मिळतील. त्यावर मंडळातील एक तरुण सभासद म्हणाले, "पण त्यांच्यासोबत खेळलेले आता तुम्हीच राहिलात." तेव्हा हा लेख माझ्याकडे आला तो माझ्या योग्यतेमुळे नव्हे, माझ्या वयामुळे. मग वयाला शोभेल असे खरे तरी लिहावे, असे ठरवून बसलो आहे.

देशाला स्वातंत्र्य मिळून दोन-तीन पावसाळे झाले होते. सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पाला उल्हासनगर म्हणायची सवय अजून कुणाला लागली नव्हती. आमच्या कारखान्याचा फुटबॉल संघ त्या पट्ट्यात नावाजलेला होता आणि त्या संघाचा सेंटर फॉरवर्ड मी होतो. मॅट्रिक झालेला, लेबर ऑफिसात टेबल-खुर्ची असलेला, आणि सामन्याच्या दिवशी ज्याच्या नावाने आरोळ्या उठत असा. त्या जुलै महिन्यात नवीन खेळाडूंची चाचणी होती. बदलापूर गावातून रुळांच्या कडेकडेने चालत एक सावळा, काटकुळा तरुण आला. पायांत काही नव्हते. त्याला डाव्या बगलेला उभे केले. पहिला चेंडू त्याच्या पायात आला आणि आमचे दोन जुने बॅक एकामागून एक चिखलात बसले. तिसऱ्याला चुकवून त्याने तो चेंडू माझ्यापुढे असा आणून ठेवला, की मला केवळ पाय लावायचा होता. गोल मी केला. पण मैदानाबाहेरून आरोळी उठली ती, "वा रे बदलापूर!" अशी. नाव ठाऊक नव्हते म्हणून लोकांनी त्याला गावाच्या नावाने हाक मारली होती. त्या मैदानाने माझ्या नावाशिवाय दुसरी हाक मारलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

आजच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. त्या काळी आमच्याकडे खेळाडूला खेळाचा पगार उघडपणे कुणी देत नसे. कारखाना त्याला कामगार म्हणून मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, घेई आणि सामन्यांसाठी मोकळे सोडी. त्याआधी एका इंग्रजी करारपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जाई. त्या करारातले तिसरे कलम महत्त्वाचे होते. खेळाडूने तीन हंगाम कारखान्याकडूनच खेळावे आणि लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या संघात जाऊ नये, असे ते कलम होते. ही करारपत्रे माझ्या टेबलावरून जात. ज्याला इंग्रजी येत नसे त्याला ती मराठीत वाचून दाखवणे हे माझे काम होते.

त्या कलमाचा चटका मला आधीच बसला होता. आदल्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या संघाने मला बोलावले होते. आमचे लेबर ऑफिसर दिघे साहेब यांनी माझा परवानगीचा अर्ज वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला. "फाईल करा," एवढेच म्हणाले. माझ्याच नकाराचा कागद मी माझ्याच हाताने फायलीला लावला. नंतर तो संघ दुसऱ्या कुणाला घेऊन मोकळा झाला.

काशिनाथराव माझ्या टेबलासमोर येऊन बसले, तेव्हा ही गोष्ट माझ्या मनात ताजी होती. मी पहिले कलम वाचले, दुसरे वाचले. मध्येच त्यांनी विचारले, "भाऊसाहेब, पुढं कधी मुंबईच्या टीमनं बोलावलं तर जाता येईल ना?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात क्वचितच कुणी विचारला असेल. मी कागदावरून नजर न उचलता म्हणालो, "येईल की. यात तसं काही नाही." आणि तिसरे कलम सोडून चौथे वाचायला घेतले.

ही चूक नव्हती. मला जे मिळाले नाही ते या अनवाणी पोराला का मिळावे, असे मला वाटले होते. त्यांनी विश्वासाने, वळणदार मराठीत सही केली. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते, हेही मला खुपले.

पहिल्या हंगामात काशिनाथरावांनी काय खेळ केला, ते पाहिलेली माणसे अजून सांगतात. मी त्यांच्या शेजारी खेळत होतो; माझ्याइतक्या जवळून तो खेळ कुणी पाहिला नसेल आणि माझ्याइतक्या वाईट मनाने तर नाहीच. माझ्या गोलांची संख्या वाढली, कारण ते चेंडू माझ्या पायाशी आणून देत. लोक गोलानंतर मला खांद्यावर घेत आणि विचारत, "काशिनाथ कुठाय?" कॅम्पातले सिंधी दुकानदार दुकाने बंद करून यायला लागले. आमचा गोलकीपर लछमन कॅम्पातल्या बराकीत आईसोबत राहत असे, तो मला एकदा कौतुकाने म्हणाला, "भाऊसाहेब, आपकी तो लॉटरी लग गई. काशी है तो आप भी है." त्या भल्या माणसाशी मी आठवडाभर बोललो नाही.

दुसऱ्या हंगामात जे व्हायचे तेच झाले. मला बोलावणाऱ्या त्याच मुंबईच्या संघाचा माणूस काशिनाथरावांना भेटला. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि दिघे साहेबांना सांगायला आले. साहेबांनी नकार दिला. काशिनाथराव म्हणाले, "पण सही करताना तर असं काही नव्हतं." साहेबांनी त्यांना त्या दिवसापासून संघाबाहेर बसवले. मुंबईच्या संघाने तक्रार केली आणि प्रकरण फुटबॉल संघटनेच्या कचेरीत गेले. काशिनाथराव ना इकडून खेळू शकत होते, ना तिकडून. सामन्याच्या दिवशी ते कुंपणाबाहेर उभे राहत. मैदान पुन्हा माझे झाले होते. मात्र चेंडू आणून देणारा कुणी नव्हता, आणि येणारी गर्दीही ओसरली होती.

सुनावणीला दिघे साहेब मला फाईलसह सोबत घेऊन गेले. टेबलामागे तिघे बसले होते. त्यांतल्या वयस्कर चिटणिसांनी करारपत्र चष्म्याजवळ धरले आणि तिसरे कलम मराठीत मोठ्याने वाचले. काशिनाथरावांनी ते त्या क्षणी पहिल्यांदा ऐकले. ते समोर बघत उभे होते. त्यांच्या कानशिलाची शीर तेवढी मला दिसत होती.

चिटणिसांनी विचारले, "सही करताना हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं होतं का?"

माझ्या हातातली फाईल ओली झाली होती. त्यांनी माझे नाव घेतले असते तर संध्याकाळपर्यंत माझी खुर्ची गेली असती. नुकतेच माझे लग्न झाले होते.

"दाखवलं होतं," काशिनाथराव म्हणाले. "माझ्या ध्यानात राहिलं नाय."

निकाल कारखान्याच्या बाजूने लागला. तीन हंगाम पुरे होईपर्यंत त्यांना आमच्याकडेच खेळायचे होते. परतताना आम्ही एकाच डब्यात समोरासमोर बसलो होतो. अंबरनाथला उतरताना मी म्हणालो, "काशिनाथ..." त्यांनी मान दुसरीकडे वळवली. गाडी त्यांना घेऊन बदलापूरकडे गेली.

त्या दिवशी मी त्यांचा ऋणी व्हायला हवे होते. तसे झाले नाही. मला त्यांचा अधिकच राग आला. खेळात ते माझ्या पुढे होते हे मी कसेबसे गिळले होते. आता मनाच्या मोठेपणातही ते पुढे गेले, असे मला वाटले. खेळातली बरोबरी सरावाने थोडीफार करता येते. या दुसऱ्या गोष्टीची कशी करणार?

तिसरा हंगाम आला. त्यांचे पाय खेळत होते, पण ते माझ्याशी कामापुरतेही बोलत नव्हते. चेंडू मात्र पूर्वीसारखाच माझ्या पायाशी येई. सरावाच्या एका सामन्यात लछमन चेंडूवर झेपावला, समोरून येणारा बॅक त्याच्या पायावर पडला आणि नडगीचे हाड मोडले. तिसऱ्या आठवड्यात त्याला कारखान्याचे पत्र गेले, की खेळण्यास असमर्थ झाल्यामुळे त्याचे नाव मस्टरवरून कमी करण्यात येत आहे. ते पत्र मीच टाइप केले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काशिनाथराव ते पत्र घेऊन लेबर ऑफिसच्या दारात उभे राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली.

"भाऊसाहेब, लछमनचा करार काढा. वाचा. ह्या टायमाला सगळा."

त्या "सगळा" या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता. मी फाईल काढली. कॅन्टीनच्या मागे आम्ही दोघे उभे राहिलो आणि मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. तिसरे कलम आले. तेही वाचले, शेवटपर्यंत.

"शेवटचं परत सांगा."

"'हे तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत कारखाना त्याचे नाव मस्टरवर ठेवील.'"

"खेळला तरच ठेवील, असं लिवलंय?"

"नाही."

"पाय मोडला तर काढील, असं?"

मी कागद उलटून पाहिला. "नाही. तसं कुठंच नाही."

"लछमनचा करार तर गेल्या साली नवा झालाय, अजून एक हंगाम बाकी हाय." त्यांनी कागदावर बोट ठेवले. मग म्हणाले, "म्हंजे मी जसा बांधलेला, तसा कारखाना पण बांधलेलाच की."

तो कागद माझ्या हाताखालून कितीदा गेला होता. मीच त्या कलमाने पोळलो होतो, मीच ते लपवले होते. पण त्याचा दुसरा अर्धा भाग आपल्या बाजूचा आहे, हे मला कधी दिसले नव्हते. ज्यांना इंग्रजीचे अक्षर ओळखता येत नव्हते त्यांनी ते एका ऐकण्यात ओळखले. मला तिथेही मत्सरच वाटला, हे नमूद करतो.

कारखाने आणि गिरण्यांमधल्या ढाल-स्पर्धेचा अंतिम सामना आठ-दहा दिवसांवर होता. शहाडकडच्या एका गिरणीचा संघ आमच्यासमोर होता. मुंबईहून आमचे डायरेक्टर सहकुटुंब येणार होते. त्यांच्यासाठी मांडव घातला होता. सामन्याची वेळ झाली, शहाडचा संघ मैदानात उतरला, आणि आमचे अकराही जण गणवेश घालून रेषेबाहेर गवतावर बसून राहिले. लछमनला कामावर परत घेतल्याशिवाय कुणी खेळणार नव्हते. काशिनाथराव मध्ये होते. पलीकडे लछमन पाय लांब करून, कुबडी शेजारी ठेवून बसला होता आणि त्यांना एकसारखा विनवत होता.

"काशी, छोड़ ना यार. मेरे वास्ते अपना मत बिगाड़. तेरे को तो थोड़े दिन में छूटना है."

खरेच होते. काशिनाथरावांचा करार त्या महिन्यातच संपत होता आणि मुंबईच्या संघाने त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्याचा निरोप आला होता.

"तू गप बस. पाय हलवू नको," काशिनाथराव म्हणाले.

दिघे साहेब धावत आले. आधी समजावले, मग धमकावले. शेवटी माझ्याकडे वळले. "तुम्ही ऑफिसातले माणूस. तुम्हाला या लोकांत बसायचं काय कारण? उठा."

मी उठलो असतो. बुटाची नाडी मी आधीच आवळून बांधली होती. पण सगळे मैदान काशिनाथरावांकडे पाहत होते. त्या माणसाला एकटे सोडून मी उठलो तर लोक माझ्याकडे पाहतील, आणि ते कसे पाहतील, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसले. मी बसून राहिलो. त्याला धैर्य म्हणू नये.

"कारखान्यानं त्याला ठेवलंच पाहिजे, असं लिहिलंय कुठं?" दिघे साहेब ओरडले.

काशिनाथरावांनी माझ्याकडे पाहिले. मैदानावर, हंगामभरात पहिल्यांदाच.

मी उभा राहिलो आणि तिसरे कलम इंग्रजीतून तोंडपाठ म्हटले. मोठ्याने, अखेरच्या शब्दापर्यंत. माझा आवाज मांडवापर्यंत पोहोचला असावा, कारण वृद्ध डायरेक्टर स्वतः उठून आले. त्यांनी करारपत्र मागवले, उभ्याउभ्या वाचले आणि दिघे साहेबांना म्हणाले, "हे आपणच लिहिलंय ना? मग घ्या त्याला परत."

लछमन स्टोअरमध्ये बसून काम करू लागला. हंगाम संपल्यावरही त्याला कुणी हलवले नाही; तो तिथूनच निवृत्त झाला. सामना मात्र आम्ही हरलो. लछमनच्या जागी उभा केलेला गोलकीपर कच्चा होता आणि काशिनाथरावांचाही त्या दिवशी पाय लागला नाही.

पुढे मला लेबर ऑफिसातून उचलून फाटकावरच्या वजनकाट्यावर बसवले. काशिनाथरावांचा करार संपला त्या दिवशीच कारखान्याने त्यांना नारळ दिला. आणि मुंबईच्या संघाचा निरोप आला, की भर मैदानात बसकण मारणारा खेळाडू आम्हाला नको. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली तीन वर्षे माझ्या एका गाळलेल्या कलमात गेली होती, आणि उरलेली त्यांनी लछमनसाठी आपल्या हाताने सोडली.

त्यांनी बदलापूर स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. एका रविवारी सकाळी ते आमच्या चाळीत आले आणि दारातूनच म्हणाले, "भाऊसाहेब, मला इंग्रजी शिकवा. कागद वाचता येण्यापुरतं." दोन वर्षे ते दर रविवारी येत राहिले. मी शिकवले, पण सुखाने नाही. माझी पत्नी सुमती मितभाषी. त्यांच्यासमोर ती खळखळून हसे. "काशिनाथ भावोजी आले, आज वडी करते," असे ती म्हणे. माझ्यासाठी वडी कधी अशी आपणहून झाली नाही. पुढे माझ्या मुलाला चेंडू पायात कसा ठेवावा हे शिकायचे झाले, तेव्हा तो बाप सेंटर फॉरवर्ड असूनही बदलापूरच्या गाडीत बसला.

त्या सायकलच्या दुकानात तेलकट हात पुसत काशिनाथराव खेळाडूंचे करार वाचत. अंबरनाथ, शहाड, कॅम्प, कुठूनही पोरे येत. ते प्रत्येक कलम मोठ्याने वाचत आणि प्रत्येकापुढे थांबून विचारत, "समजलं? आता तू मला सांग, काय समजलं." सांगता आले नाही तर सही करू देत नसत. एकदा एक उतावीळ पोरगा म्हणाला, "काका, वेळ जातोय, मधलं सोडा." मी त्या वेळी दुकानात पंक्चर काढून घेत उभा होतो. काशिनाथराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मधलंच वाचायचं असतं." त्या दिवशी मी पंक्चर निघायच्या आधीच सायकल हाती धरून घरी आलो.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी बदलापूरजवळच्या खरवईला, त्यांच्या मुलाने घेतलेल्या नव्या घरी जाऊन आलो. तिसऱ्या कलमाची हकीकत छापायची, तर त्यांना विचारणे भाग होते. पन्नास वर्षांत आम्ही त्याविषयी एक शब्द बोललो नव्हतो. मी जे केले ते त्यांना सांगितले, आणि म्हणालो, "सुनावणीत तुम्ही माझं नाव घेतलं नाही, हे तुमचे उपकार मी कधी मान्य केले नाहीत. आता लेखात करणार आहे."

काशिनाथराव ऐकून घेऊन म्हणाले, "लिवा. पण उपकार लिवू नका. ते खोटं होईल."

"म्हणजे?"

"तुमचं नाव घ्यायचं तर मला सांगावं लागलं असतं, की मला इंग्रजी वाचता येत नाय म्हणून ह्या माणसानं फसवला. त्या तीन सायबांच्या समोर. मला लाज वाटली, भाऊसाहेब. तुमच्यासाठी नाय गप बसलो, माझ्यासाठी बसलो. गाडीत तर तुम्हाला ढकलून द्यावं असं वाटत व्हतं." मग म्हणाले, "आणि तुमचा हेवा वाटायचा. तुम्ही फाईल उघडून भराभरा वाचायचात ना, तेव्हा. मी किती पळालो तरी ते मला जमणार नव्हतं."

ज्या मोठेपणावर मी पन्नास वर्षे जळत होतो, तो त्या दिवशी त्या कचेरीत नव्हताच. तिथे एक लाजलेला तरुण होता आणि त्याच्या शेजारी दुसरा घाबरलेला. मला हलके वाटायला हवे होते. पण पंचाहत्तराव्या वर्षी, गौरवग्रंथ छापला जात असताना, आपल्या नावावर फुकट जमा होणारा मोठेपणा इतक्या सहजपणे नाकारणे, हे मला जमले असते का? नसते जमले. घरी येईपर्यंत मला त्यांचा पुन्हा मत्सर वाटू लागला होता.

काशिनाथरावांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आजही माझ्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत. ते तसेच राहोत. त्यांची नजर शाबूत राहो आणि त्यांच्यासमोर कागद घेऊन येणारी पोरे येत राहोत. आणि माझ्या आधी त्यांनी जाऊ नये, अशी माझी प्रार्थना आहे. त्यांच्याविषयी एवढे खरे एकदा लिहून झाले. ते नसताना पुन्हा लिहिण्याची ताकद माझ्यात नाही.